जमीन कोणाची, आणि कोणत्या हक्काची?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु ती म्हण प्रथम उच्चारणाऱ्यापाशी घर बांधण्यापुरती स्वतःची जागा असावी असे वाटते. जागाच जेव्हा दुसऱ्याकडून घ्यावयाची असते, तेव्हा पायाचा दगड बसण्यापूर्वीच मनुष्याची परीक्षा सुरू होते. जन्मभराची शिल्लक त्या एका व्यवहारात गुंतलेली असते. आणि तो बिघडला तर कोर्टकचेरीचा वारसा मुलांच्या वाट्याला जातो. घेणारा, विकणारा आणि त्या दोघांची गाठ घालून देणारा दलाल, या तिघांनी कोणती सावधगिरी बाळगावी हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तथापि केवळ नियमांची यादी वाचून दाखवावी असे मला वाटत नाही. नियमामागचा इतिहास कळला म्हणजे नियम आपोआप ध्यानात राहतो, असा शिक्षकाच्या धंद्यातील माझा अनुभव आहे. म्हणून आपण एका लहानशा मुलुखाचा इतिहास पाहू आणि त्यातूनच उपदेश निघतो का ते तपासू.

चंद्रपुराहून मूलमार्गे गडचिरोलीस निघाले म्हणजे वैनगंगा ओलांडण्यापूर्वी सावली हे गाव लागते. भोवती धानाच्या बांध्या, जुने तलाव आणि त्यांच्यापलीकडे जंगल. सावली आज तालुक्याचे ठिकाण आहे; परंतु बाहेरच्या सुशिक्षितांना हे नाव ठाऊक असेल तर ते बहुधा खादीमुळे. १९३६ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले आणि त्यासाठी महात्माजी येथे येऊन राहिले. त्या दिवसांत स्वराज्य, सूत आणि स्वावलंबन यांची पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र त्या प्रसंगाची आठवण झाली की एक वेगळाच विचार मनात येतो. त्या काळी या मुलुखातील मालगुजारी गावात राहणारा सामान्य शेतकरी आपल्या घराच्या भिंतींचा आणि छपराचा धनी असे. परंतु त्या भिंती ज्या मातीवर उभ्या होत्या तिचा तो मालक नसे. घर त्याचे, जागा मालगुजाराची. अशा मनुष्याने ‘घर विकले’ असे म्हटले, तर त्याने नेमके काय विकले?

हा प्रश्न जुना असला तरी निकाली निघालेला नाही. आजही आपण घर वा भूखंड पाहावयास जातो तेव्हा ‘जमीन कोणाची?’ एवढेच विचारतो. नाव मिळाले की आपले समाधान होते. परंतु नावाच्या पुढे दुसरा प्रश्न असतो, तो असा की, ‘त्याची आहे, पण कोणत्या हक्काने?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या मुलुखात प्रत्येक राजवटीने निराळे दिले आहे, आणि त्या उत्तरांचे थर आजच्या कागदांत एकावर एक साचून राहिले आहेत.

पहिला थर गोंड राजांचा. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून जमीन लागवडीस आणणाऱ्यास ती जमीन द्यावी, आणि तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन बक्षीस द्यावी, अशी परंपरा सांगितली जाते. तलावाच्या मोबदल्यात मिळालेल्या अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात त्या नावाची वस्ती आजही आहे. कोहळी समाजाने तलाव बांधण्याच्या कामी मोठे नाव मिळविले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, जमिनीवरील हक्क श्रमातून उत्पन्न होत असे, आणि त्याची व्याप्ती कागदावरील आकड्यापेक्षा पाण्याच्या पोहोचीने ठरत असे.

अठराव्या शतकाच्या मध्यास चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. या अमदानीत गावचा पाटील हा सरकार आणि रयत यांच्यामधला वसुलीचा जबाबदार मनुष्य होता. गाव वसवावे, लागवड वाढवावी, सरकारचा ऐवज भरावा, ही त्याची कामे. गावाची मालकी म्हणून जी वस्तू विकता यावी अशी वस्तू त्याच्या हाती नव्हती. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत एक मोठा फेरबदल घडला. जे कालपर्यंत वसुलीचे जबाबदार होते त्यांना इंग्रज सरकारने गावाचे मालक ठरविले. हेच मालगुजार. चांदा जिल्ह्याच्या या जमाबंदीचा अहवाल मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६९ साली लिहिला. या मुलुखाच्या इतिहासाचे ते आजही एक महत्त्वाचे साधन आहे.

मालगुजारी आली आणि गाव ही विकाऊ वस्तू झाली. गावाचे सोळा आणे मानून त्यांचे हिस्से पडत. कोणी आठ आण्यांचा हिस्सेदार, कोणी चार आण्यांचा. हिस्सा गहाण पडे, लिलावात जाई, सावकाराच्या घरी येई. या सोळा आण्यांत पडीक होती, झुडपे होती, तलाव होता आणि आबादी, म्हणजे वस्तीची जागाही होती. मालगुजाराच्या खाली कुळे. त्यांतही मौरूसी कूळ निराळे आणि साधे कूळ निराळे. मौरूसी कुळाचा हक्क वारशाने चाले, परंतु १८९८ च्या आणि त्यानंतर १९२० च्या कूळकायद्याने त्याच्या विक्रीवर व गहाणावर निर्बंध होते. मालगुजाराची घरची शेती सीर आणि खुदकाश्त या नावांनी वेगळी लिहिली जाई. एकाच शिवारात शेजारी शेजारी असलेल्या चार बांध्या चार निराळ्या हक्कांच्या असत. डोळ्याला चारही सारख्याच हिरव्या दिसत. विकणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हाती जे जाई ते मात्र चारही ठिकाणी वेगळे.

स्वातंत्र्यानंतर हा थर उलथला. मध्यप्रदेशाच्या विधिमंडळाने मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५० साली केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे हक्क सरकारात विलीन झाले. घरची शेती, राहती घरे, खाजगी झाडे व विहिरी यांवरील हक्क कायद्याच्या अटींनुसार मालगुजारांकडे राहिले. गावाची पडीक, जंगल आणि कित्येक तलाव सरकारकडे गेले. पूर्व विदर्भात आज ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात ते हेच होत; हा मामा म्हणजे कोणा आईचा भाऊ नसून ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे आहेत. १९५४ च्या जमीन महसूल संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी अशा नव्या पदव्या आणल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. हस्तांतरणाचे बंधन नसलेला भूमिस्वामी भोगवटादार वर्ग एक ठरला. ज्याच्या हक्कावर हस्तांतरणाचे बंधन होते तो वर्ग दोन.

श्रोतेहो, एवढा इतिहास सांगितला तो याचसाठी की, सातबाराच्या उताऱ्यावर कोपऱ्यात छापलेला हा ‘वर्ग एक’ किंवा ‘वर्ग दोन’ म्हणजे या दीर्घ कथेचा शेवटचा शब्द आहे. घेणाऱ्याने मालकाच्या नावाआधी तो वाचावा. वर्ग दोनची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. ‘परवानगी मागाहून काढून देऊ’ या आश्वासनावर पैसे मोजणे म्हणजे नसलेली वस्तू विकत घेणे होय.

येथे सातबाराविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सातबारा म्हणजे मालकीचा दाखला, अशी आपल्या समाजात दृढ समजूत आहे. वास्तविक हा कागद महसुलाच्या सोयीसाठी जन्मला. सारा कोणाकडून घ्यावयाचा हे सरकारला कळावे, हा त्याचा मूळ हेतू. त्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी असे कायदा सांगतो. परंतु नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरन्स यांच्या पुढाकाराने निराळी पद्धत सुरू झाली. तेथे सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव त्याच्या मालकीची हमी सरकारच देते. आपल्याकडे अशी हमी नाही. आपली नोंदणी ही दस्ताची नोंदणी आहे, हक्काची नव्हे. त्यामुळे विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा हे पाहण्याचे ओझे घेणाऱ्याच्याच खांद्यावर राहते.

हे पाहावे कसे? कालक्रमाने मागे जावे. आजच्या सातबारावर फेरफारांचे क्रमांक असतात. प्रत्येक फेरफार म्हणजे एक घटना. वाटणी, वारस, खरेदी, बक्षीस अथवा कोर्टाचा हुकूम. तो काढून वाचावा आणि साखळीचा एक दुवाही गाळू नये. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची दोनचा शोध घ्यावा. हा शोध सामान्यतः मागील तीस वर्षांचा घेतात. गहाण सोडविण्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तीस वर्षांची केली आहे. त्यापूर्वीच्या १९०८ च्या कायद्यात ती साठ वर्षांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे इतके मागे का जावे हे कळते. परंतु आमच्या मुलुखात तीस वर्षांवर थांबू नये असे माझे मत आहे. १९५१ च्या आधीची जमाबंदी आणि खसरा यांची नक्कल मिळत असेल तर जरूर काढावी. जमीन मुळात कोणत्या सदरी होती, हे तेथेच समजते.

त्या जुन्या सदरांपैकी एकाने तर अलीकडे हजारो कुटुंबांची झोप उडविली. ते सदर म्हणजे झुडपी जंगल. खडकाळ वा हलक्या जमिनीवर वाढलेली खुरटी झुडपे, जेथे गावची गुरे चरत, अशा जागेला जुन्या कागदांत हे नाव पडले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी जमीन पसरलेली आहे. काळाच्या ओघात तिच्यावर घरे झाली, शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, स्मशानेसुद्धा झाली. १९८० साली वनसंवर्धनाचा कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. आणि २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानावयाचे असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी न्यायालयाने मार्ग मोकळा ठेवला; त्यानंतरच्या वाटपांना मात्र कडक चौकशी लावली. तेव्हा या भागात भूखंड घेणाऱ्याने जुन्या नोंदीत हे दोन शब्द आहेत का, आणि असतील तर वाटप कोणी व कोणत्या तारखेस केले, हे पाहिल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. तेथे एकही झाड दिसत नाही, हे त्यावर उत्तर नव्हे. झाडे तुटली तरी कागदावरील जंगल उभेच असते.

आता अधिक नाजूक गोष्टीकडे वळतो. या जंगल मुलुखाचे मूळचे कष्टकरी म्हणजे गोंड आणि इतर आदिवासी जमाती. कर्जापायी त्यांच्या जमिनी हातच्या जाताहेत हे इंग्रज सरकारलाही दिसत होते. म्हणून मध्यप्रांतात आदिवासींच्या जमिनींचे हस्तांतरण रोखण्यासाठी १९१६ साली कायदा झाला. पुढे महाराष्ट्राने ६ जुलै १९७४ पासून नियम कडक केला. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस कायमची द्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आणि शासनाची पूर्वमान्यता, दोन्ही लागतात. इतकेच नव्हे, तर १ एप्रिल १९५७ पासून त्या दिवसापर्यंत झालेले व्यवहार तपासून जमिनी मूळ मालकांस परत करण्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला.

येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. निवृत्तीच्या सुमारास रस्त्यालगत लहानसे घर बांधावे असे मनात आले. एका मध्यस्थाने भूखंड दाखविला. किंमत माझ्या ऐपतीत बसणारी, शेजार चांगला, पाणी जवळ. माझ्यापुढे एक मुखत्यारपत्र आणि एक साधे करारपत्र ठेवण्यात आले. दोन्हींवर मोहोरा, तिकिटे, सह्या. आयुष्यभर मुलांना ‘नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या मी ते वाचले, पण सातबारा मागितला नाही. इसार दिला. मग एका निवृत्त पटवाऱ्याशी सहज बोलताना त्यांनी विचारले, “मास्तर, खातेदार कोण?” उतारा काढला. खातेदार एक आदिवासी बाई होती. तिच्या दिवंगत नवऱ्याने कधीकाळी काही रकमेपोटी तो कागद करून दिला होता. परवानगी कोणाचीच नव्हती. आम्ही त्या बाईंकडे गेलो, तेव्हा आपली जमीन विकली जात आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या पोराले तुम्हीच शिकवलं ना?” मी व्यवहार सोडला. इसाराची सगळी रक्कम परत आली नाही, आणि तिचे मला दुःखही नाही. दुःख याचे आहे की, पटवाऱ्यांची गाठ पडली नसती तर मी ते घर बांधले असते, आणि त्याला मोठ्या हौसेने नावही दिले असते.

या प्रसंगावरून दोन बोध घ्यावेत. एक असा की, मुखत्यारपत्र आणि करारपत्र यांनी मालकी जात नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा स्पष्ट सांगतो की, शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते, आणि विक्रीच्या कराराने त्या मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठासून सांगितले. दुसरा बोध असा की, आपल्यापुढे कागद धरणारा आणि खरा हक्कदार हे एकच आहेत का, ते समक्ष जाऊन पाहावे. जमिनीवर कोण कसतो, घरात कोण राहतो, त्याला विचारावे.

गावठाणातील घरांची गोष्ट आणखी वेगळी. मघाशी मी आबादीचा उल्लेख केला. वस्तीच्या या जागेला शेताप्रमाणे सातबारा नसतो. गावोगाव लोक ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवितात आणि घर आपले म्हणतात. तो उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे. पट्टी कोण भरतो एवढेच त्यावरून ठरते. थोरल्या भावाच्या नावे पट्टी असते आणि घर चार भावांचे असते, हे आपण घरोघर पाहतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. १९३६ साली ज्याच्या घराखालची माती दुसऱ्याची होती, त्याच्या नातवाच्या हाती त्या मातीचा नकाशा यावा, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र ज्यांनी घर विकावयाचे आहे त्यांनी पत्रिकेवरील नावे, मापे आणि चतुःसीमा घरच्या सर्वांसमक्ष तपासून घ्याव्यात. चूक पहिल्या नोंदीत शिरली की ती काढणे पुढे फार जड जाते.

घरच्या सर्वांसमक्ष, असे मी म्हटले ते हेतूपूर्वक. पुष्कळ दावे परक्याशी होत नाहीत, सख्ख्यांशी होतात. हिंदू वारसाकायदा १९५६ साली आला. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. तरीही ‘बहिणी काही मागत नाहीत’ या भरवशावर आजही जमिनी विकल्या जातात. बहीण मागत नाही हे तिचे मन झाले. तिचा हक्क त्यामुळे नाहीसा होत नाही. विकणाऱ्याने सर्व वारसांची नावे प्रथमच सांगावीत आणि घेणाऱ्याने त्या सर्वांच्या सह्या दस्तावर घ्याव्यात.

शेतजमीन घेऊन तेथे घर बांधू पाहणाऱ्यांस तीन गोष्टी सांगतो. विदर्भात १९५८ च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकण्यावर बंधन आहे. जमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधन घातले. त्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या आहेत, म्हणून व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम पाहावा, शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले ते पाहू नये. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पूर्वीच्या मध्यप्रांतातील गावांत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन कागद असतात. गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, याची नोंद पहिल्यात. वहिवाटीची वाट, पाटाचे पाणी, तलावातील मासे यांविषयीचे गावचे रिवाज दुसऱ्यात. आपण घेतलेल्या बांधीतून गावची वाट जात असेल तर ती वाट खरेदीबरोबर पुसली जात नाही. आणि आमच्याकडे तलावाच्या पोटात वा पाटाच्या कडेला स्वस्त मिळणारी जागा पावसाळ्यात एकदा स्वतः जाऊन पाहावी. गोंडांच्या काळी पाण्याने हक्क ठरत असे. पाणी आपला जुना हक्क अद्याप विसरलेले नाही.

आता विकणाऱ्याविषयी. ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ असे म्हणून विकणारा मोकळा होतो, ही समजूत चुकीची आहे. १८८२ च्याच कायद्याने मिळकतीतील अथवा हक्कातील जो मोठा दोष घेणाऱ्यास सहज दिसणार नाही तो विकणाऱ्याने उघड सांगितला पाहिजे. आणि आपल्याला विकण्याचा अधिकार आहे अशी हमी त्याने दिल्याचे गृहीत धरले जाते. परंतु याच कायद्यात एक कलम असे आहे की ते वाचून मला कायदे करणाऱ्यांविषयी आदर वाटला. विकणाऱ्याच्या हक्काच्या स्वरूपाविषयी वा व्याप्तीविषयी एखादी किंमत वाढविणारी गोष्ट घेणाऱ्यास ठाऊक असेल आणि विकणाऱ्यास ठाऊक नसेल, तर ती घेणाऱ्याने विकणाऱ्यास सांगितली पाहिजे. म्हणजे अडाण्याच्या अज्ञानावर शहाण्याने नफा कमावू नये, हे केवळ नीतीचे वचन नाही, ते कायद्याचे कलम आहे. जंगल मुलुखात जमीन घेण्यास येणाऱ्या शहरवासीयांनी ते विशेष ध्यानी धरावे.

राहता राहिला दलाल. या शब्दाला आपल्याकडे उगाच वाईट वास येतो. दोन अनोळखी माणसांत विश्वास उत्पन्न करणारा मनुष्य समाजाला हवाच असतो. १८७२ चा करार कायदा सांगतो की, प्रतिनिधीने ज्याचे काम घेतले त्याच्याशी प्रामाणिक राहावे, आणि त्याच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा करू नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कक्षेतील गृहयोजनांचे व्यवहार जुळविणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची केली, नोंदणी नसलेल्या योजनेतील विक्री जुळविण्यास मनाई केली, आणि नोंदलेल्या करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास बांधकाम करणाऱ्यास बंदी केली. चांगल्या दलालाने याहून एक पाऊल पुढे जावे. जागा दाखविण्यापूर्वी तिचे कागद स्वतः वाचावेत, आणि शंका असेल तर ती दोन्ही पक्षांना सांगावी. ज्याच्या ‘नको’ या शब्दावर लोक विश्वास ठेवतात त्याच्या ‘घ्या’ या शब्दालाही मोल येते.

शेवटी दस्ताविषयी दोन शब्द. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस सादर झाला पाहिजे. पण असा उशीर करण्याचे कारणच काय? जमिनीची मोजणी करून हद्दी प्रत्यक्ष पाहाव्यात, चतुःसीमा शेजाऱ्यांच्या आजच्या नावांनिशी लिहाव्यात, पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि दस्तात किंमत खरी लिहावी. नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे मानू नये. आपल्या नावाचा फेरफार मंजूर होऊन उतारा हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा. जाणत्या वकिलाची फी या सर्व खर्चात सर्वांत लहान असते, आणि लोक काटकसर नेमकी तेथेच करतात.

श्रोतेहो, गोंड राजाने तलाव बांधणाऱ्यास जमीन दिली तेव्हा देणारा, घेणारा आणि गाव या सर्वांना ठाऊक होते की, ही जमीन या मनुष्यास का मिळाली. आज आपल्यापाशी मोहोरा आहेत, संगणक आहेत, आकाशातून काढलेले नकाशे आहेत. परंतु जमीन या मनुष्यापाशी कशी आली, हे विचारण्याचा कंटाळा वाढला आहे. तो कंटाळा तेवढा आपण सोडावा. कोणतेही घर पसंत पडले की प्रथम विचारावे, जमीन कोणाची. आणि लगेच विचारावे, कोणत्या हक्काची? दुसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर येईपर्यंत पैशाची थैली उघडू नये. त्या बाईंची बांधी अद्याप त्यांच्याकडेच आहे, आणि मी आजही भाड्याच्या घरात राहतो. रात्री झोप मात्र स्वस्थ लागते.